मुदत सरलेल्या चिठ्ठ्या

आमच्या गावाच्या पूर्वेला एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात पाणी नसतं, पावसाळ्यात गुडघाभर असतं, आणि बेंदराला पोरं त्यात बैलं धुतात. एवढाच त्याचा इतिहास असता तर मी त्याच्याबद्दल लिहायला बसलो नसतो. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत या ओढ्याच्या अलीकडे इंग्रजांनी आखलेला सोलापूर जिल्हा होता आणि पलीकडे निजामाचा उस्मानाबाद जिल्हा. आमची म्हैस ओढा ओलांडून चरायला गेली की ती परराज्यात जायची. तिला कुणी अडवत नसे. माणसाच्या डोक्यावर गाठोडं असलं तर मात्र करोडगिरीच्या नाक्यावर ते सोडून दाखवावं लागे.

राज्यं दोन, तशी नाणीही दोन. अलीकडे कळदार रुपया, पलीकडे हाली. हाली म्हणजे निजामाचा, चारमिनार कोरलेला. सरकारी भाव साधारण सात हालीला सहा कळदार असा होता. निजामाने १९१८ साली कायदा करून स्वतःच्या नोटाही काढल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम लिहिलेली असे. मी पहिल्यांदा अशी नोट हातात धरली तेव्हा मराठी अक्षर बघून मला उगाच बरं वाटलं. आपल्या भाषेतही कधी काळी परक्या राजाने पैसे मोजले होते तर!

आमच्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, या ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर किराणा दुकान होतं. मीठ, गूळ, रॉकेल, तंबाखू, काडेपेटी, सुगीत दोर आणि पोती. माल बार्शीच्या पेठेतून गाडीने यायचा. बार्शी तेव्हा मोठी पेठ. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोट्या रुळांची गाडी आली, पुढे १९११ साली ती लातूरपर्यंत गेली, आणि मोगलाईतलं धान्य, कापूस, गळिताचा माल बार्शीत येऊन पडायला लागला. (निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. औरंगजेबाला जाऊन दोनशे वर्षं झाली तरी म्हणत.) आबांच्या गिऱ्हाइकांतली निम्मी माणसं ओढ्यापलीकडची असत. बाजाराच्या दिवशी बाया हाली नाणं घेऊन येत आणि आबा त्याचे कळदार करून माल देत. खरा हिशेब केला तर सोळा हाली आण्यांचे पावणेचौदा कळदार आण्यांच्या जवळपास व्हायला हवेत. आबा तेरा धरायचे. वरचा पाऊण आणा कुठं जायचा हे विचारण्याइतका हिशेब कुणाला येत नव्हता. ज्याला येत होता तो बार्शीला जाऊन नाणं मोडत होता.

मी शाळामास्तर. जुने कागद जमवायचा नाद मला नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत लागला, आणि त्याची सुरुवात घरातच झाली. माळवद गळायला लागलं म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा लाल फडक्यात बांधलेली आबांची दोन दप्तरं खाली आली. आत वह्या होत्या, सगळ्या मोडीत. मला मोडी येत नव्हती. पेन्शनीला आलेल्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांकडे सहा महिने बसून ती शिकलो. त्या वह्यांत घडी घालून ठेवलेल्या तीन हुंड्या निघाल्या.

हुंडी हा कागदच असा असतो की माणसाला नाद लागावा. सरकारी छापाचा कागद, वरच्या कोपऱ्यात राजाराणीचं मुद्रांक, आणि खाली झरझर लिहिलेला मजकूर. अमक्या गावच्या अमक्या पेढीने, तमक्या गावच्या तमक्या पेढीला लिहायचं की एवढे रुपये द्या. रक्कम नुसती लिहून भागत नसे. पाचशे लिहिले की पुढे त्याचे निमे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे पाचशे असंही लिहायचं, म्हणजे कुणी एक शून्य वाढवायला जाईल तर निम्म्यापाशी अडकेल. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. भल्या, पत असलेल्या सावकाराच्याच हाती पैसे जावेत अशी अट असली तर ती शहाजोग. हुंडी हरवली तर तिच्याऐवजी पेठ लिहून घ्यायची, पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की त्या हुंडीचं खोखं व्हायचं, म्हणजे तिच्यातला जीव गेला. पण खोखं फेकत नसत, जपून ठेवत. देणं फिटल्याचा तोच पुरावा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी बऱ्याच फेऱ्या घातल्या. तिथं हुंड्या मिळतात, कोर्टाचे मुद्रांक मिळतात, संस्थानांची कूपनं मिळतात. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागदही मिळतो. तो मीही दोनदा घेतला आहे. वास घेऊन बघायचा हे नंतर कळलं.

ही संस्थानी कूपनं कुठून आली ते सांगायला हवं, कारण आबांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात या देशातली मोड नाहीशी झाली. १९४० साली फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोकांचा कागदी पैशावरचा विश्वास उडाला. जो तो चांदीचा रुपया घरात पुरू लागला. सरकारने रुपयातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट काढली, गरजेपेक्षा जास्त नाणं साठवणं गुन्हा ठरवला. राणीछाप रुपया तर १९४१ सालच्या मार्चअखेर चलनातूनच काढला. पुढे जपानी ब्रह्मदेशात शिरले तसं तांबं, निकेलही लोक दाबून ठेवायला लागले. तांबं युद्धालाही हवं होतं. १९४३ साली सरकारने मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. पोरींनी तो दोऱ्यात ओवला, सुतारांनी चाकीसारखा वापरला, आणि मोड होती तेवढीच राहिली.

मग ज्याला जसं सुचलं तसं त्याने केलं. कुणी पोस्टाची तिकिटं मोड म्हणून दिली. काठेवाडातल्या मोरवी, राजकोट, जुनागड, नवानगर, गोंडल अशा संस्थानांनी, कच्छने, तिकडे बिकानेर, बुंदीनेही जाड पुठ्ठ्याची लहान लहान कूपनं छापली, एक पैसा, दोन पैसे, एक आणा अशी. आज संग्राहक त्यांवर तुटून पडतात. जे संस्थानिकाने छापून केलं ते गावोगावच्या दुकानदारांनी कात्रीने कापून केलं. जगात सगळीकडे असंच होतं म्हणा. अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धात, १८६२ साली, मोड गायब झाली तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही चिठ्ठ्या काढल्या, आणि त्यांच्या सरकारने लगोलग कायदा करून डॉलरच्या आतल्या खाजगी चिठ्ठ्या बंद केल्या. त्या चिठ्ठ्यांचे तिकडे मोठमोठे संग्रह आहेत, त्यांवर ग्रंथ आहेत. आपल्याकडच्या वाण्याची चिठ्ठी कुणी ठेवली नाही. ती चुलीत गेली, नाहीतर उंदरांनी नेली.

आबांची मला पहिली चिठ्ठी मिळाली ती वहीच्या पुठ्ठ्याच्या घडीत. दोन बोटं रुंद, चार बोटं लांब. विडीच्या बंडलाचा जाड कागद असावा. एका बाजूला जांभळ्या शाईतला दुकानाचा शिक्का, शिक्क्याखाली आडवी एक रेघ, म्हणजे एक आणा. (आण्याला आडवी रेघ, पावलीला उभी, हे ज्यांनी जुन्या वह्या पाहिल्यात त्यांना माहीत असेल.) आणि मोडीत आबांचा मजकूर: एक आण्याचा माल देणे. खाली सही.

'माल देणे' हे दोन शब्द मी बराच वेळ बघत बसलो. रोख देणे असं नाही. आबा शिकलेले नव्हते, पण कच्चेही नव्हते. या देशात नोटा काढायचा हक्क १८६१ सालच्या कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतला, आणि रिझर्व्ह बँकेच्या १९३४ सालच्या कायद्यात तर कलम ३१ आहे: जो कागद आणेल त्याला मागताक्षणी पैसे देऊ, असं लिहून द्यायला खाजगी माणसाला बंदी. आबांना हे बार्शीच्या कुणा वकिलाने सांगितलं असेल नाहीतर दुसऱ्या दुकानदाराचं बघून त्यांनी उचललं असेल. रोख म्हटलं की कायद्याची भानगड, माल म्हटलं की ती नुसती दुकानदाराची याददाश्त. त्यात आणखी एक सोय होती. माल फक्त आबांच्याच दुकानात मिळणार. म्हणजे ज्या बाईच्या पदराला आबांची चिठ्ठी, ती पुढच्या बाजाराला दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

वहीत चिठ्ठ्यांचं वेगळं खातं होतं. १९४३ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. किती दिल्या, किती परत आल्या, दर अमावस्येला बेरीज. परत आलेल्या चिठ्ठीचा कोपरा आबा फाडत आणि तारेत ओवून ठेवत. ती तारही दप्तरात होती, चिठ्ठ्यांसकट, गंजून कागदाला चिकटलेली. तीन वर्षं हे खातं अगदी नीट चाललंय. मग १९४६ च्या दिवाळीच्या आधी दोन नोंदी येतात. एक, दवंडी खर्च आणे दोन. दुसरी महिन्याने, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी: चिठ्ठी खाते बंद, बाकी रुपये ३७ आणे ९, वटाव खाती जमा.

ज्यांना वह्या वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. सदतीस रुपये नऊ आण्यांच्या चिठ्ठ्या लोकांच्या घरात होत्या. म्हणजे आबा लोकांचं तेवढं देणं लागत होते. त्यांनी दवंडी पिटवली, महिन्याची मुदत दिली, आणि मुदतीत जे आलं नाही ते आपल्या नफ्यात धरलं. त्याच वर्षीच्या कीर्दीत खुरपणीला बाईची मजुरी चार आणे रोज लिहिली आहे. मी पेन्सिलीने हिशेब केला. दीडशे दिवसांची खुरपणी झाली.

मी ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "मुदत दिली होती ना? मग झालं. बँकाबी तेच करतात." त्याचं चूक नव्हतं. पण दवंडी पिटली आमच्या गावात. महाराच्या वेशीपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत आणि परत. ती ओढ्यापलीकडे कशी जाणार? आमच्या गावचा दवंडीवाला निजामाच्या हद्दीत जाऊन हलगी वाजवू शकत नव्हता. आबांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. हालीचा पाऊण आणा ज्याला कळतो त्याला शीव कुठं संपते तेही कळतं.

पलीकडच्या गावांत चिठ्ठ्या असतील असं मला त्यामुळेच वाटलं. २०११ साली, रिटायर झाल्यावर, मी मोटरसायकलवरून त्या चार-पाच वस्त्यांवर फिरलो. जुनी नाणी, नोटा, कागद असतील तर विकत घेईन, असं सांगत. भोकाचे पैसे मिळाले, हाली दोन पै मिळाल्या, एकाने १९४३ ची म्हणून दोन रुपयांची नोट आणली ती १९७० च्या सुमाराची निघाली. चिठ्ठी मात्र कुणाकडे नव्हती. शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने निरोप धाडला. त्याच्या आजीकडे चंचीत काही कागद आहेत म्हणे.

म्हातारी पंचाहत्तरीच्या पुढची. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मी चप्पल काढून बसलो, पाणी प्यालो, कुठला कोण ते सांगितलं नाही, फक्त मास्तर म्हणालो. तिने चंची सोडली. सुपारी ठेवायच्या कप्प्यातून घडी काढली. जांभळा शिक्का मला लांबूनच ओळखू आला.

"मावशी, ह्या मला देता का? चांगले पैसे देतो."

"किती?"

मी मोजल्या. एक आण्याच्या तेरा, अर्ध्या आण्याच्या चार. सगळ्यांचे कोपरे शाबूत. संग्राहकाच्या दृष्टीने याहून चांगलं काय असणार? मी पाचशे म्हणालो. नातवाने आजीकडे बघितलं.

म्हातारी शेंग फोडता फोडता म्हणाली, "तुमी वाण्याच्या घरचेच न्हवं? नाक तसंच हाय."

मला हो म्हणावंच लागलं.

"माजी आई ह्याच चिठ्ठ्या घिऊन गेल्ती. मी बी संगं हुते. तवा दिवाळी हून गेल्ती. तुमचा आजा म्हनला, मुदत सरली. आई म्हनली, कसली मुदत, आमाला कुनी सांगितलं न्हाई. तर म्हनला, दवंडी दिली हुती. आई म्हनली, मालक, थोडा गूळ तरी द्या, पोरगी बाजाराला आलीया. न्हाईच दिला." ती थांबली. "त्या येळंला तुमच्या आज्यानं घेतल्या न्हाईत. आता तुमी पाचशे देतायसा. ते कशापायी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनं झालं की कागदाला किंमत येते, हे मी शाळेच्या प्रदर्शनात पोरांना सांगितलं होतं. तिला ते सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "मावशी, पाचशे ठेवा. देणं फिटलं असं समजा."

"पाचशे कुटं लिवल्यात हितं?" तिने चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं काय लिहिलंय ते. "माल लिवलाय. माल द्या."

त्या रात्री मी वही काढली. १९४६ च्या दिवाळीतला गुळाचा भाव आबांच्या हातचा लिहिलेला होता: शेराला पाच आणे. तेरा आणि दोन, पंधरा आणे. तीन शेर गूळ. शेर म्हणजे किलोला थोडा कमी. आमच्या दुकानाच्या जागेत आता एकाने मोबाईलचं दुकान टाकलंय, भाडं भावाला येतं. म्हणून गूळ मी बार्शीहून आणला, तीन किलोची ढेप निवडून. वरचे दोन-अडीचशे ग्रॅम मी वजा केले नाहीत. त्या पाऊण आण्याची मला आठवण झाली हे कबूल करतो.

म्हातारीने ढेप हातात घेतली, उलटी करून बघितली, वास घेतला, नातसुनेला आत न्यायला दिली. मग चिठ्ठ्या माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या प्लास्टिकच्या पाकिटात घालायला लागलो, तसा तिने माझा हात धरला.

"फाडा की."

"काय?"

"कोपरा. माल दिला की तुमचा आजा कोपरा फाडायचा. तुमी न्हाई फाडला तर उद्या कुनीबी म्हनंल, ह्या म्हातारीचं येनं बाकी हाय. माजं काय बाकी न्हाई आता."

नातू म्हणाला, "आज्जी, फाडलं की मास्तरांचं नुसकान हुतंय." त्याला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. खरं होतं ते. शाबूत कोपऱ्याची चिठ्ठी आणि फाटक्या कोपऱ्याची चिठ्ठी यांत संग्राहक जमीन-अस्मानाचा फरक करतात. शाबूत असलेली, न वटलेली, दुर्मीळ. म्हणजे ज्या चिठ्ठीचं देणं बुडालं तिला भाव जास्त. हे गणित मी इतकी वर्षं करत आलो होतो आणि त्यात काही खुपलं नव्हतं. त्या ओट्यावर खुपलं.

मी सतरा कोपरे फाडले. जुना कागद चर्र फाटत नाही, पापुद्र्यासारखा तुटतो. तुकडे म्हातारीने सुपातल्या शेंगांच्या फोलपटांत टाकले.

पुढे पुण्याच्या एका व्यापाऱ्याला त्या दाखवल्या तेव्हा त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "कोपरे कुणी खाल्ले?" मी म्हणालो, चुकत्या झाल्यात. तो म्हणाला, "मग ठेवा घरीच." ठेवल्यात. आबांच्या तारेतच ओवल्यात, पण नव्या तारेत. जुनी गंजली होती.

चिठ्ठी खात्याचं ते पान मी दुरुस्त केलं नाही. आबांच्या अक्षरात आपलं अक्षर मिसळू नये. वेगळ्या कागदावर लिहून पानाला टाचणी लावली आहे: पैकी आणे १५ गुळाने चुकते, बाकी रुपये ३६ आणे १०. अजून महिन्या-दोन महिन्यांनी ओढ्यापलीकडे एक चक्कर होते. आता नाणी आहेत का म्हणून विचारत नाही. आमच्या दुकानाच्या चिठ्ठ्या आहेत का, असं विचारतो.